उकारापुरती जागा

दिगंबरराव,

काल तुमच्या शोकसभेत मी हरकत घेतली.

शोकसभेत हरकत घेण्याची पद्धत नाही, हे मला ठाऊक आहे. अंबडच्या कोर्टात हयात घालवलेल्या माणसाला कोठे काय बोलावे हे कोणी शिकवण्याची गरज नाही. परंतु लोकगीतांची पुस्तके काढणाऱ्या जिल्हा समितीच्या सचिवांनी तुमच्या फोटोला हार घातला, चष्मा काढून डोळे पुसले आणि त्याच दमात जाहीर केले की दिवंगत दिगंबररावांचा गीतसंग्रह समिती लवकरच 'आटोपशीर स्वरूपात' प्रसिद्ध करील. तो शब्द कानावर पडला आणि मी उभा राहिलो. म्हणालो, "आटोपशीर म्हणजे नेमके काय, याचा खुलासा आत्ता, इथे, या फोटोसमोर व्हावा."

मागून कोणीतरी माझा शर्ट ओढला. "बसा की वकीलसाब, लोक चहाला थांबलेत."

सचिव मात्र गोड हसले. "काही नाही हो, ओळी जरा जवळजवळ घेऊ. निम्म्या पानांत बसतं सगळं."

"आणि शब्दांचे उकार? ते खालच्या रेषांत बुडतील, त्यांचे काय?"

"गेला एखादा उकार तर गेला, वकीलसाहेब. लोक समजून घेतात."

समजून घेतात! तुमच्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षांची किंमत या गृहस्थांनी तीन शब्दांत करून टाकली. त्याआधी ते तुम्हाला 'शांत व मितभाषी' म्हणाले होते. तेही मी ऐकून घेतले होते, कारण मेलेल्या माणसाविषयी असत्य बोलणे हा दखलपात्र गुन्हा नाही. परंतु तुम्ही आणि शांत? ज्या माणसाने पाटबंधारे खात्यातल्या प्रत्येक वरिष्ठाशी वाद घातला आणि निवृत्तीनंतर वाद घालायला कोणी उरले नाही म्हणून माझ्याशी घातला, तो शांत? हे पत्र मी त्यासाठीच लिहीत आहे. तुमची बाजू मांडणारा मी एकटा असेन तर असेन; पण ती कामकाजात नोंदली जाईल.

आपली ओळखसुद्धा नोटिशीने झाली, आठवते ना? एक्क्याऐंशी साली तुम्ही माझ्या शेजारी राहायला आलात आणि पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी व्हायोलिन काढलेत. हैदराबादला शिकत असताना एका म्हाताऱ्या बँडमास्तराकडून तुम्ही ते शिकला होतात, हे मला नंतर कळले. त्या वेळी एवढेच कळत होते की भिंतीपलीकडे कोणी मांजराची उलटतपासणी घेत आहे. मी रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. दुसऱ्या दिवशी तुम्ही ती हातात घेऊन माझ्या ओट्यावर उभे.

"वकीलसाब, ही तुमचीच न्हाई का?"

"बिलकुल माझीच."

"मंग बराबर वाचा. 'आपल्या घरातून येणारा सुर असह्य होतो.' सु ऱ्हस्व लिहिलाय तुम्ही. ऱ्हस्व सुर म्हणजे देव. माझ्या घरातून येणारा देव तुम्हाला असह्य होतो, असं लिहून दिलंय तुम्ही, तेबी रजिस्टरनं. कोर्टात हेच म्हणणार काय?"

ती टंकलेखकाची चूक होती. आजही माझे म्हणणे तेच आहे. परंतु उकाराच्या लांबीवरून भांडायला घरी येणारा माणूस मला त्याआधी भेटला नव्हता. मी तुम्हाला आत बोलावले, चहा झाला, नोटीस मात्र मागे घेतली नाही. ती आजतागायत कायम आहे. तुमचे व्हायोलिनही कायम राहिले, आणि वीस-बावीस वर्षांत केव्हा तरी असे झाले की संध्याकाळी ते वाजले नाही तर मी भिंतीवर थाप मारून विचारू लागलो, "काय, तब्येत बरी आहे ना?"

त्या काळात तुम्ही वाटूरकडच्या पाटाच्या कामावर होता. रोजगार हमीच्या बाया रांगेने उभ्या राहून मातीच्या पाट्या हातोहात पुढे देत आणि गात. तुम्ही सांगायचात की चार बाया एकाच वेळी चार निरनिराळ्या उंचीवर असत आणि तरी गाणे एकच असे. आपली एकेरी सरगम त्याला पुरत नाही, त्याला पाच रेषांचे इंग्रजी स्टाफ नोटेशनच पाहिजे, एकाखाली एक चार आवाजांचे. इतर अधिकारी जीपमधून उतरून मोजमाप घेत आणि जात. तुम्ही मोजमापाच्या कागदांच्या पाठीवर गाणी उतरवून घेत होता. गयाबाई नावाच्या एका बाईने तुम्हाला सर्वांत जास्त गाणी दिली. तिचे पोरगे बाभळीच्या फांदीला बांधलेल्या झोळीत निजलेले असे आणि ती रांगेतून त्याच्याकडे बघत गात असे:

जागा नको होऊ मुला,
पाटी उचलू दे मला.

ही ओळ तुम्ही मला पहिल्यांदा ऐकवलीत तेव्हा तुम्ही व्हायोलिन मध्येच खाली ठेवलेत. मी तुमच्याकडे बघितले नाही. तुम्हाला ते आवडले नसते.

निवृत्तीनंतर तुम्ही संगणक घेतलात. सुनंदा, तुमची लेक, जालन्याहून आली तेव्हा म्हणाली होती, "अण्णा, या वयात कशाला हा ताप?" तुम्ही उत्तर न देता तिला पडदा दाखवलात. पडद्यावर पाच रेषा होत्या, त्यांच्यावर सुरांचे ठिपके होते आणि खाली मराठी शब्द होते. पाश्चात्त्य संगीत छापण्यासाठी गोऱ्या लोकांनी केलेले ते सॉफ्टवेअर तुम्ही अंबडमध्ये बसून मराठी बायांच्या गाण्यांना जुंपले होते. आणि तिथेच तुमचा खरा लढा सुरू झाला.

तुम्ही पाच रेषांच्या पट्ट्याला 'पाट' म्हणायचात. सगळी उमर कालव्यांवर गेलेल्या माणसाने दुसरे काय म्हणावे? वरचा पाट, खालचा पाट, आणि त्या दोहोंच्या मध्ये जी मोकळी पट्टी, ते रान. शब्द त्या रानात राहतात. सॉफ्टवेअरने ठेवलेले रान इंग्रजी अक्षरांच्या मापाचे होते. इंग्रजी अक्षर बुटके; त्याच्या डोक्यावर मात्रा नाही, वेलांटी नाही, पायाशी उकार नाही. आपले अक्षर त्या जागेत उभे केले की वरून अनुस्वार सुरांच्या शेपट्यांत अडके आणि खालून उकार पुढच्या पाटाच्या पहिल्या रेषेत बुडे. काळ्या रेषेवर काळा उकार. डोळ्याला दिसतच नसे.

"बघा," तुम्ही पडद्यावर बोट ठेवून म्हणालात, "सगळ्या बाराखडीत एक रु तेवढा शहाणा. आपला उकार कमरेला बांधून फिरतो. बाकीचे सगळे पाय खाली सोडून बसलेत आणि पाण्यात भिजून राह्यलेत."

मग तुम्ही रान रुंद करायला लागलात. एक पाट धरून खाली ओढला की त्याखालचे सगळे पाट निमूटपणे खाली सरकत आणि शेवटचा पानावरून घसरून पुढच्या पानावर जाऊन पडे. तो वर आणावा तर मधला कोणी तरी दबे. पुन्हा पहिल्यापासून. त्यात दुपारचे लोडशेडिंग; बॅटरीची टिटी सुरू झाली की तुम्ही ओरडायचा, "सेव्ह! सेव्ह!", जणू शेजारी उभा राहून मी ते करणार होतो. एका गाण्याला कधी महिना लागला. मी रोज बघत बसे. मला स्टाफ नोटेशनमधले काही कळत नव्हते. परंतु रान, पाट आणि हद्द हे माझ्या रोजच्या खटल्यांचे विषय होते, आणि म्हणून मी गप्प बसणे शक्य नव्हते.

तुमचे धोरण असे की जिथे उकार असेल तिथे रान रुंद, जिथे नसेल तिथे अरुंद. माझे म्हणणे असे की हे धोरण मुळातच बेकायदेशीर आहे. पाणीवाटपात कालव्याच्या डोक्याशी असलेल्या शेताला एक न्याय आणि शेपटाकडच्याला दुसरा, यावरून मी अर्धे आयुष्य भांडलो; तोच प्रकार मी कागदावर कसा खपवून घ्यावा? प्रत्येक पाटाखाली सारखे रान हवे. एका ओळीला सवलत दिली की दुसरी मागायला येते.

"वकीलसाब, जमीन सारखी असती काय?" तुम्ही म्हणायचात. "जिथं पाय बुडतो तिथंच खोदायचं. सगळीकडं सारखं खोदलं तर नुसता खर्चा."

"मग नियम कोणता राहिला? साहेबांची मर्जी?"

"मर्जी न्हाई, नजर. शब्द कोणत्या पाटाच्या पाण्यावर आहे ते गाणारीला एका नजरेत कळलं पाहिजे. रान जास्त झालं तर शब्द लोंबकळतो, वरच्याचा की खालच्याचा समजत न्हाई. लाभक्षेत्र ठरलं पाहिजे."

"लाभक्षेत्र हा शब्द वापरू नका, तो माझा आहे."

"तुमचा? मी पाट खणले तेव्हा तुम्ही काळा कोट घालून सावलीत होते!"

हा वाद चार वर्षे चालला. त्याचा निकाल लागलेला नाही. तुम्ही गेलात म्हणून माझ्या बाजूने लागला असे मी मानणार नाही. प्रतिपक्ष हजर नसताना मिळणारा निकाल मला कधीच आवडला नाही.

आणि मग मंठ्याचा तो कार्यक्रम. समितीने शिक्षिकांच्या गायनमंडळाकडून तुमची चार गाणी गाऊन घेण्याचे ठरवले. तुम्ही हरखून गेला होता. नवा शर्ट शिवला होता, हे मी विसरलेलो नाही. तुम्ही दिलेली पाने समितीच्या कचेरीत पोचली. तिथे कोणाच्या तरी सोयीच्या बुद्धीने सगळे पाट वर ढकलून चारही गाणी एका घडीच्या कागदात बसवली. तुम्हाला विचारले नाही. विचारायचे असते हेही कोणाच्या मनात आले नाही.

मंडपात आपण दुसऱ्या रांगेत होतो. बायकांनी कागद उघडले आणि त्या कागदावर जे दिसत होते ते, मन लावून, चार आवाजांत, अत्यंत सुरेल गायले:

जागा नको होऊ मला,
पाटी उचल दे मला.

मी तुमच्याकडे बघितले. तुमचा हात तुमच्याच गुडघ्यावर ताल धरून होता, तो थांबला. त्या पहिल्या ओळीला काही अर्थ उरला नव्हता. दुसरीला तर मुळीच नाही. गाणे संपले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, दिगंबरराव. भरपूर टाळ्या. मी उठून मंचाकडे निघालो होतो, तुम्ही माझे मनगट धरलेत. सचिव खाली आले, तुमच्या गळ्यात हार घातला आणि म्हणाले, "पाहिलंत? लोकांना किती आवडलं!" तुम्ही त्यांना एवढेच विचारलेत, "मुला कुठं गेला?" त्यांना वाटले, कोणाचा तरी मुलगा मंडपात हरवला. त्यांनी लाउडस्पीकरवाल्याकडे बघितले.

परत येताना एसटीत तुम्ही तो हार काढून मांडीवर ठेवलात. अंबड जवळ आले तेव्हा म्हणालात, "त्या बाईनं दिवसभर झोळीकडं बघत गायलेलं गाणं होतं. त्यातून तिचं पोरगंच काढून टाकलं यांनी. आणि कुणालाच कळलं न्हाई."

तुमच्या सगळ्या भांडणांत मी तुम्हाला हरलेले कधी पाहिले नव्हते. त्या दिवशीही तुम्ही हरलेले नव्हता.    दुसऱ्या दिवशी मी समितीला पाच पानी पत्र लिहिले. त्याचे उत्तर आले नाही. म्हणून दुसरे लिहिले. तुम्ही म्हणालात, "कशाला लिहून राह्यले? त्यांना उकारच दिसत न्हाई, पत्र काय दिसणार?" आणि संगणक लावून पहिल्या गाण्यापासून प्रत्येक रान पुन्हा तपासायला बसलात. तेच तुमचे उत्तर होते. माझ्यापेक्षा चांगले होते, हे मान्य करण्यास माझी हरकत नाही.

आता कालचे पुढचे सांगतो. सभा संपल्यावर सचिवांनी सुनंदापुढे संमतीपत्र धरले. तुमच्या पश्चात हक्क तिचे आहेत, तिच्या सहीशिवाय त्यांना एक पान छापता येत नाही, हे मीच त्यांना मागे एका पत्रात कळवले होते. तेवढे मात्र त्यांनी लक्षपूर्वक वाचलेले दिसले. तिने कागद वाचला आणि माझ्याकडे बघितले.

"काका, यात लिहिलंय, मांडणीचे सर्व अधिकार समितीकडे."

"वाचले मी."

"सही नाही केली तर पुस्तकच निघणार नाही म्हणतात. मंग अण्णांचं सगळं तसंच पडून राहील. आणि केली तर..." तिने कागद माझ्यापुढे केला. "तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल तसं."

खरे सांगतो, त्या क्षणी मला तुमचा राग आला. आयुष्यभर माझा सल्ला झिडकारलात, आणि जाताना हा प्रश्न माझ्या ओट्यावर ठेवून गेलात. समितीचे छापील पुस्तक जिल्ह्याच्या प्रत्येक शाळेत जाईल. त्यावर तुमचे नाव असेल. आणि त्यात गयाबाईचे पोर नसेल. सही न केली तर काहीच नसेल, एक संगणक आणि त्यावर टाकलेला रुमाल असेल. मध्यममार्ग काढा, असे दोघातिघांनी सुचवले. मध्यममार्ग म्हणजे काय? निम्मा उकार?

मी तिला म्हणालो, "मी सल्ला देणार नाही. हक्क तुझा आहे. पण मला विचारशील तर मी तो कागद हातातही धरला नसता."

तिने कागदाची घडी घातली आणि सचिवांच्या खिशात, त्यांच्याच खिशात, परत ठेवली. "अण्णांनी एकेक ओळ ओढून खाली आणली," ती म्हणाली, "ती वर ढकलायला मी सही देणार न्हाई." तुमची लेक आहे, यात मला त्यानंतर तिळमात्र शंका उरली नाही.

सचिव मला म्हणाले, "तुमच्या हट्टापायी एका चांगल्या माणसाचं काम लोकांपर्यंत पोचणार नाही."

आज सकाळी त्यांना लेखी उत्तर दिले आहे. 'हट्ट हा शब्द मान्य. उर्वरित मजकूर अमान्य.' याहून लहान पत्र मी आयुष्यात लिहिलेले नाही. संग्रह आम्ही तुमच्याच प्रिंटरवर छापू, एकेक पान, वीज असेल तेव्हा. मंठ्याच्या त्या गायनमंडळातल्या एका शिक्षिकेने काल सुनंदापाशी येऊन हळूच विचारले की खरी ओळ काय होती. तिने सांगितली. बाईंनी तोंडावर हात ठेवला आणि पहिली प्रत आम्हाला द्या म्हणाल्या. एवढे गिऱ्हाईक मला पुरे आहे.

फक्त एक गाणे राहिले होते. तुम्ही त्याचे सूर आणि शब्द भरलेत आणि रान तसेच टाकून गेलात, सॉफ्टवेअरने दिले होते तेवढेच. 'घामा घामा, कुंकू नको पुसू.' पडद्यावर ते 'कंक नको पस' असे दिसत होते. आज दुपारी सुनंदा संगणकापुढे बसली आणि मी तुमच्या खुर्चीत. माउस तिच्या हातात होता, अधिकार माझ्याकडे.

तुमच्या पद्धतीने लावायचे तर फक्त पहिल्या दोन पाटांखाली जागा रुंद करायची होती, कारण कुंकू तिथेच आहे. तिसरा आणि चौथा आवाज गाणेभर नुसता 'आ' म्हणतात. तुम्ही त्यांना बोटभरही जादा दिले नसते. मी सुनंदाला सांगितले की 'कुंकू' या शब्दाला वरच्या अनुस्वारापासून खालच्या उकारापर्यंत मोकळेपणाने उभे राहायला जेवढी जागा लागते तेवढी मोज, आणि तीच चारही पाटांखाली दे. सर्वांना. सारखी.

"काका, नुसत्या 'आ'ला एवढी जागा कशाला?"

"उद्या तिथे कोणी शब्द घातला, तर त्याने जागा कोणाकडे मागायला जायचे?"

ती हसली, आणि शोकसभेनंतर पहिल्यांदाच रडली, आणि रडत रडत पाट खाली ओढत राहिली. एक ओढला की खालचे सगळे सरकले, शेवटचा पानावरून घसरला, मग त्याच्या मागून आणखी एक. तुमचे दोन पानांचे गाणे आता तीन पानांवर गेले आहे. तिसऱ्या पानाचा बराच भाग पडीक आहे. समितीला आटोपशीर हवे होते.

हे तुमच्या धोरणाच्या संपूर्ण विरुद्ध आहे, याची मला जाणीव आहे. ही उधळपट्टी आहे, शब्द लोंबकळतो, नजर नावाची गोष्ट वकिलाला नसते, हे सगळे तुम्ही म्हणाला असता, आणि मोठ्याने म्हणाला असता. म्हणा. भिंतीपलीकडे मी आहे. तुमचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतल्याखेरीज मी हा वाद बंद करणार नाही, आणि ऐकून घेतल्यावर एक तसूही मागे सरकणार नाही.